तीन नंबरचा सिलिंडर

धाकट्यानं दुसऱ्या फेरीत तीन सेकंद कमी केले तेव्हा तंबूत एकच कल्ला झाला. वहिनीनंही टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिचे हात थांबले.

साडेचार किलोमीटरचा चढाचा रस्ता, एकोणीस वळणं, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कमरेएवढा कठडा. अशा ठिकाणी एखादं वळण मनासारखं जमलं तर पाव सेकंद वाचतो. दिवस फारच चांगला असेल तर एक सेकंद. टायर सकाळचेच होते, गाडी सकाळचीच होती. उलट ऊन चढलं होतं, आणि गरम हवेत टर्बोची गाडी थोडी मंदावतेच. मग हे तीन सेकंद आले कुठून? आकाशातून तर पडले नसतील.

ती या गाडीची ट्यूनर होती. इंजिनानं कोणत्या क्षणी किती पेट्रोल घ्यायचं, ठिणगी कधी पडायची, टर्बोनं किती दाबानं हवा आत कोंबायची, हे ज्या तक्त्यांवर ठरतं त्याला त्यांच्या धंद्यात मॅप म्हणतात. तो मॅप लॅपटॉपवर लिहिणं हे तिचं काम, आणि चौदा वर्षं ती ते करत होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा गॅरेजात नुसते पाने आणि हातोडे होते. लॅपटॉप तिच्याबरोबर आला. नवरा इंजिन उघडायचा, बांधायचा. दीर गाडी चालवायचा. नवऱ्याला सगळे थोरला म्हणत, दिराला धाकटा आणि तिला वहिनी. वहिनी म्हणणाऱ्यांत गिऱ्हाइकं होती, सुट्या भागांचा दुकानदार होता, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला गाड्या रंगवणारा म्हातारासुद्धा होता. "अख्ख्या गावाची वहिनी झालेय मी," ती म्हणायची, "आणि खरा दीर एकच मिळालाय, तोही असा!"

तो खरा दीर हेल्मेट काढत तंबूत शिरला. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे लकाकत होते.

"बघितलंस वहिनी? पहिला नंबर! दातवाल्याला नऊ दशांश सेकंदानं मागे टाकलं."

दातवाला म्हणजे निळ्या गाडीचा मालक. पेशानं दातांचा डॉक्टर. त्याच्याकडे गाडी चांगली होती आणि तिच्यात ओतायला पैसा त्याहून चांगला होता.

"आता त्याचेच दात त्याच्या घशात," थोरला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

टायरांचा मोठा दुकानदार तंबूच्या तोंडाशी उभा होता. त्यानं महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "पहिले आलात तर वर्षभराचे टायर माझे, शर्यतींची फी माझी. दुसरे आलात तर शुभेच्छा माझ्या." आत्ता त्यानं अंगठा वर केला आणि हसत हसत निघून गेला.

ती गाडीत बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि डॅशबोर्डखाली हात घालून केबल जोडली. गाडी धावत असताना सगळे आकडे आपोआप नोंदले जातात. त्या नोंदीला लॉग म्हणतात, आणि लॉग कोणाची भीडभाड ठेवत नाही.

धाकटा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता. केबल दिसली तशी त्यानं बाटली खाली घेतली.

"वहिनी, ते नंतर बघ ना. आधी दोन घास खाऊन घे."

चौदा वर्षांत धाकट्यानं तिला कधी जेवायचा आग्रह केला नव्हता.

लॉग उघडला. टर्बोचा दाब तिनं सव्वा बारवर बांधून दिला होता. पडद्यावरची लाल रेघ पावणेदोनला जाऊन टेकली होती. एकदा नाही, प्रत्येक सरळ पट्ट्यावर.

"हा मॅप माझा नाही," ती म्हणाली.

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"कोणाचा आहे?"

"आहे एकाचा. मोठमोठ्या गाड्या करतो तो. मी आपल्या गाडीची माहिती पाठवली, त्यानं मॅप पाठवला. पहिल्या फेरीनंतर तू घड्याळवाल्यांकडे गेली होतीस ना, तेव्हा चढवला."

"किती काढतोय?"

"चारशे दहा."

थोरल्याच्या हातातला पाना खाली पडला. "चारशे दहा हॉर्सपॉवर? ओतीव पिस्टनवर? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं!"

हंगामाच्या आधी तिघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवलं होतं. कारखान्यातून येतात ते पिस्टन ओतीव असतात. रोजच्या वापराला उत्तम, पण जास्त दाब पडला की काचेसारखे तडकतात. घडीव पिस्टन घातले तर इंजिन दुप्पट सोसतं, मात्र त्यांची किंमत आणि बसवायचा खर्च धरला तर अख्खा हंगाम घरी बसून काढावा लागला असता. म्हणून ओतीवच ठेवायचे, टर्बो लहान घ्यायचा आणि ताकदीला लगाम घालायचा. वहिनीनं आकडा सांगितला होता: तीनशे पस्तीस. त्याच्यावर एकही नाही.

"तू मान हलवली होतीस," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसून मान हलवली होतीस."

"हलवली होती. तू म्हणालीस याच्यावर गेलं तर इंजिन टिकणार नाही, म्हणून हलवली." धाकट्याचा आवाज चढला. "मग डायनोवर तीनशे अठ्ठ्याहत्तर कसे आले?"

वहिनीनं पडद्यावरची नजर काढली.

डायनो म्हणजे गॅरेजातले ते मोठे रूळ, ज्यांवर गाडी जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजतात. एका दुपारी दोघे भाऊ बाहेर गेलेले असताना तिनं एकटीनं गाडी रुळांवर चढवली होती आणि इंजिनाची सीमा कुठे आहे ते पाहिलं होतं. कागद छापून निघाला, तिनं तो पाहिला, फाडून कचऱ्यात टाकला.

"फाडलेला कागद जोडता येतो, वहिनी. चार तुकडे होते."

"ती एकच चाचणी होती. दहा सेकंदांची."

"पण इंजिन टिकलं ना? खरं सांग, किती सोसतं ते?"

"तीनशे पासष्ट," ती म्हणाली. "सगळं नीट असेल तर तीनशे पासष्ट."

"आणि मला सांगितलंस तीनशे पस्तीस."

"हातचे राखले. कारण तुला दहा दिले की तू वीस घेतोस."

"आणि तुझ्याकडे वीस असले की तू दहा सांगतेस! मग खरा आकडा मी आणायचा कुठून? मला वाटलं, वहिनीनं नेहमीसारखे सत्तर-ऐंशी लपवले असणार. तो माणूस चारशे दहा म्हणाला. मी म्हटलं, जमून जाईल."

तो म्हणाला ते खरं होतं. राग होता, पण तो नेमका कोणावर काढायचा ते कळेना. म्हणून तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आणि मघाशी लाल रेघेच्या नादात जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं.

पेट्रोलच्या दाबाची निळी रेघ खाली झुकत होती. इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर गेलं की ती रेघ दमलेल्या माणसासारखी बसत होती, आणि तिथेच खाली काळे ठिपके उमटले होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ठोका. आत पेट्रोल कमी पडलं की सिलिंडर तापतो, आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण आपलं आपणच पेटतं. पिस्टन वर येतोय आणि वरून घण बसतोय, अशी गत. बाहेर इंजिनाच्या गर्जनेत तो ठोका ऐकूही येत नाही. पण असे पुरेसे बसले तर पिस्टनचा टवका उडतो, सिलिंडरच्या भिंती ओरबाडल्या जातात, इंजिन फुटतं, आणि सगळं तेल मागच्या चाकांखाली येतं. पुढे कठडा कमरेएवढाच.

तिनं ठिपके मोजले. एका फेरीत सत्तावीस. त्यांतले बावीस एकट्या तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये.

दाब वाढवल्यानं ठोके आले, हे तर उघड होतं. पण पेट्रोल का कमी पडावं? यादीत जो पंप लिहिला होता तो साडेचारशे हॉर्सपॉवरलाही पुरला असता. तिनं मान वर केली. थोरला पडलेला पाना उचलून फडक्यानं पुसत होता. पाना आधीच स्वच्छ होता.

"अहो, पेट्रोलचा पंप कुठला बसवलाय?"

"पंप? पंपच आहे की."

"नवा?"

थोरला पुसतच राहिला.

"अहो, मी विचारतेय."

"आणणार होतो नवा. मध्येच क्लच गेला, आठवतंय ना? दोन्ही जमणार नव्हतं. मोडीत निघालेल्या एका गाडीतला पंप मिळाला. मी बाकावर लावून तपासला, चांगला चालत होता. तुझ्या तीनशे पस्तीसला पुरून उरत होता. मला काय स्वप्न पडलं होतं, की हा शहाणा चारशे दहा काढायला जाईल?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू आणखी वीस कापले असतेस. मग यानं आदळआपट केली असती. मी म्हटलं, घरात शांतता राहू दे."

"शांतता!" वहिनी एवढंच म्हणाली.

बाहेर ध्वनिक्षेपकावर कोणाची तरी वेळ सांगत होते. शेजारच्या तंबूत कोणी हवा भरायचा पंप चालू केला, त्याची घरघर सुरू झाली. तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. तिघांनी मिळून एक गाडी बांधली होती, आणि जो तो आपापला कोपरा झाकून बसला होता.

शेवटी थोरलाच बोलला. "तीन नंबरचा प्लग काढू का?"

"काढा."

प्लग बाहेर आला तेव्हा तो गरम होता. थोरल्यानं फडक्यात धरून तो उन्हाकडे केला. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण दिसत होते. वहिनीनं भिंग लावलं. काळ्या कणांत एकही चमकत नव्हता. चमकला असता तर तो पिस्टनचा चुरा ठरला असता आणि विषय तिथेच संपला असता. मग थोरल्यानं चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तीन नंबरचा बाकीच्यांपेक्षा पाच टक्के कमी भरला.

"जिवंत आहे," थोरला म्हणाला. "पण मार खाल्लाय त्यानं."

धाकटा इतका वेळ मागे उभा होता. आता पुढे आला, त्यानं प्लग हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावरची लकाकी गेली होती.

"अठराव्या वळणावर..." तो म्हणाला. "अठराव्या वळणाच्या आधी एकदा असं वाटलं, की गाडी अडखळली. मला वाटलं माझ्याच पायाचं चुकलं."

अठरावं वळण दरीच्या बाजूचं होतं. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"मला विचाराल तर आता उतरायचंच नाही," थोरला म्हणाला. "तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली वेळ धरतात. आपली लागलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. दातवाल्याला ती मोडता आली नाही तर आपण जिंकलोच."

हे पटण्यासारखं होतं, म्हणून कोणीच वाद घातला नाही. क्रम उलटा असायचा. जो पुढे तो शेवटी. आधी निळी गाडी जाणार होती, मग यांची. तोवर वाट पाहण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. तरी वहिनीनं लॅपटॉप सोडला नाही. ती टेबलाशी बसून नवा मॅप लिहायला लागली.

"कशाला तो आता?" थोरल्यानं विचारलं.

"माझे हात कशात तरी गुंतलेले बरे."

निळी गाडी सुटली. तिचा आवाज डोंगरावर चढत गेला, प्रत्येक वळणावर दबत आणि पुन्हा फुटत. तंबूत तिघं मान वर करून ऐकत होते. तिघांनाही नुसत्या आवाजावरून गाडी कशी चालली आहे ते कळत होतं, आणि ती चांगली चालली होती. मग आवाज बंद झाला. ध्वनिक्षेपकाच्या आधी शेजारच्या तंबूतून आरोळी आली.

दातवाल्यानं वेळ मोडली होती. चार दशांश सेकंदानं.

टायरवाला पुन्हा तंबूच्या तोंडाशी उगवला. "मग? शेवटची फेरी आहे अजून. उतरताय ना?" उत्तराची वाट न बघता तो गेला, त्याला ते गृहीतच होतं. निळ्या गाडीनं बाराव्या वळणावर कडेची खडी रस्त्यावर ओढली होती, ती झाडायला वीस मिनिटं लागणार होती. म्हणजे यांच्या हातात वीस मिनिटं.

धाकटा वहिनीसमोर येऊन बसला.

"मोठा मॅप आहे तसाच राहू दे," तो म्हणाला. "एकच फेरी, वहिनी. अडीच मिनिटांचा तर प्रश्न आहे. एवढ्यानं..."

"मी तो गाडीत राहू देणार नाही."

"आणि तुझा तीनशे पस्तीसवाला घालून मी दुसऱ्याचा तिसरा होऊ?"

"तोही घालणार नाही. हा बघ." तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. "पंप जेवढं पेट्रोल देतो तेवढंच मागितलंय. तीन नंबरला बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त सोडलंय, ठिणगी थोडी उशिरा टाकलीय. खालून ओढ चांगली मिळेल, वळणातून निघताना तुला कळेल. पण पाच हजार आठशे फेऱ्यांच्या वर दाब उतरायला लागेल. वरच्या लांब पट्ट्यावर गाडी मलूल वाटेल. ती मीच केलेली असेल, बिघाड समजू नकोस. तीनशे बावन्न."

धाकट्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "यात हातचे किती?"

"शून्य."

"खरं?"

"खरं. पाच हजार आठशेच्या वर पळवलीस तर पुढचं मला माहीत नाही. याच्या आत राहिलास तर जबाबदारी माझी. याहून खरा आकडा माझ्याकडे नाही."

थोरला मध्ये पडला. "अगं, थोडं तरी मागे घे. शून्य कशाला? तीनशे चाळीस कर."

"नाही," ती म्हणाली. "तसं केलं की हा पुन्हा अंदाज बांधणार."

धाकट्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. बाहेर झाडूवाल्यांची गाडी डोंगरावरून खाली येताना दिसली.

"चढव," तो म्हणाला. "तुझाच चढव."

तिनं मॅप चढवला. थोरल्यानं नवा प्लग बसवला, आवळला, आणि बॉनेट लावताना दोनदा दाबून पाहिलं. धाकटा पट्टे आवळून बसला. खिडकीतून वहिनीला त्याचे फक्त डोळे दिसत होते. तिला खूप काही सांगायचं होतं, तोंडातून निघालं ते एवढंच, "पाच हजार आठशे."

"ऐकलंय, वहिनी."

गाडी सुटण्याच्या रेषेकडे गेली आणि वहिनी वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिथे वायरलेस होता. रस्त्यावर आठ चौक्या होत्या, आणि गाडी पुढून गेली की प्रत्येक चौकी आपला नंबर सांगायची. आत्ता कुठे तिला भीती वाटायला लागली. आजवर प्रत्येक गाडी पाठवताना तिच्या मनात थोडं राखलेलं असायचं. कोणाला न सांगितलेली ती गादी, चूक झालीच तर पडायला. आज ती गादी नव्हती. तिनं दोन शंका गिळल्या होत्या: पंप आणखी दमला तर? आणि तीन नंबरच्या पिस्टनभोवतीची कडी आधीच खाचेत चिकटली असली तर? बोलून दाखवल्या असत्या तर धाकटा उतरला नसता. की त्या दाखवायला हव्या होत्या? पुन्हा लपवलंच का आपण?

हिरवा दिवा लागला. गाडी गेली.

"एक, गेली."

आवाज स्वच्छ होता. पहिल्या वळणातून निघताना गाडीनं जी ओढ घेतली ती ऐकून टेबलावरचा म्हातारा घड्याळवाला पुटपुटला, "वा!"

"दोन, गेली." "तीन, गेली."

थोरला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं तिचा हात धरला नव्हता, पण त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलेलं होतं.

"चार, गेली." "पाच, गेली."

आता वरचा लांब पट्टा. इथे आवाज चढत जाऊन एका जागी अडकल्यासारखा झाला. तिनं झटकन डोंगराकडे पाहिलं, मग लक्षात आलं: पाच हजार आठशे. तो पाय राखत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो पाय राखत होता.

"सहा, गेली."

मग आवाज डोंगराआड गेला. आता फक्त वायरलेस.

सातवी चौकी सतराव्या वळणावर होती. वहिनीनं मनात मोजायला सुरुवात केली. सहापासून सातपर्यंत अकरा सेकंद लागतात. दहा. अकरा. बारा. वायरलेस नुसता खरखरत होता. तेरा. चौदा. थोरला पुढे वाकला. घड्याळवाल्यानं बटण दाबलं, "सात? सात, बोला." खरखर. सतरा. अठरा. तिच्या डोळ्यांपुढे तो कठडा उभा राहिला, त्याच्या पलीकडचा उतार, कोवळं गवत. तिला ओरडावंसं वाटलं, पण कोणाच्या नावानं?

"आठ, गेली," वायरलेस म्हणाला. आणि लगेच मागोमाग दुसरा, गडबडलेला आवाज, "सात, गेली, गेली. बॅटरी बदलत होतो. गाडी ठीक."

थोरला खाली बसला. खुर्ची नव्हती, तरी बसला.

वेळ जाहीर झाली. धाकटा निळ्या गाडीच्या पाच दशांश मागे होता. त्याची स्वतःची दुसऱ्या फेरीची वेळ याहून एक दशांश बरी होती. एवढी ताकद कमी असूनही तो त्या वेळेपासून अवघा एक दशांश दूर होता, पण निकालाच्या कागदाला ते कळत नाही. दुसरा क्रमांक.

टायरवाल्यानं शुभेच्छा दिल्या. शब्दाला जागला म्हणायचं. मग तो दातवाल्याच्या तंबूकडे वळला आणि तिथला हशा बराच वेळ ऐकू येत राहिला. धाकटा खाली आला, हेल्मेट थोरल्याच्या हातात दिलं आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. घरी पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा थोरल्यानं इंजिनाचं डोकं उतरवून बाकावर ठेवलं होतं आणि वहिनी तीन नंबरच्या पिस्टनवरून सावकाश फडकं फिरवत होती.

"तुटलाय?" धाकट्यानं दारातूनच विचारलं. तुटलेला निघावा अशी आशा त्याच्या आवाजात होती. तुटलेला निघाला असता तर सगळं सोपं झालं असतं.

"ये, बघ."

पिस्टन तुटलेला नव्हता. त्याच्या कडेला, पेट्रोल येतं त्या बाजूला, उंदरानं कुरतडल्यासारखी नखभर जागा खडबडीत झाली होती. वरची कडी खाचेत अर्धी चिकटली होती. थोरल्यानं रंगाचं पाणी लावून पाहिलं, तडा कुठे दिसला नाही.

धाकट्यानं त्या खडबडीत जागेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"म्हणजे मोठ्या मॅपवर टिकलाही असता."

थोरल्यानं घाईघाईनं वहिनीकडे पाहिलं. पूर्वीची वहिनी म्हणाली असती, छे, शंभर मीटरही गेला नसता. तेच सांगणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. घरात शांतता राहिली असती.

"टिकलाही असता," ती म्हणाली.

"आणि मी जिंकलो असतो."

"जिंकलाही असतास."

"किती? दहा वेळा गेलो असतो, तर किती वेळा वर पोचलो असतो?"

ती विचार करत राहिली. तिनं खडबडीत जागा पाहिली, कडी पाहिली, लॉगमधले ठिपके आठवले.

"सहा वेळा. कदाचित सात."

"आणि उरलेल्या?"

"दोनदा इंजिन नुसतं बंद पडलं असतं, आणि तू शिव्या देत कडेला उभा राहिला असतास. एकदा-दोनदा..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग वाटलं, करायला हवं. "एकदा-दोनदा अठराव्या वळणावर तेल. आणि आम्ही दोघं खाली वायरलेसपाशी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, बाकावरचे पाने किणकिणले. धाकट्यानं पिस्टन उचलून खिडकीच्या उजेडात धरला, जणू त्या खडबडीत जागेत त्याचं बक्षीस कुठेतरी अडकलं असावं. तो अजून चिडलेला होता. कदाचित आणखी बरेच दिवस राहणार होता; तो तसाच होता.

"सात धर," तो शेवटी म्हणाला. "सहा फारच कमी होतात. मी काय एवढा वाईट चालवतो?"

"बरं. सात."

त्यानं पिस्टन खाली ठेवला, कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि थोरल्याच्या हातातला खरवडायचा पत्रा काढून घेतला. मग मान खाली घालून तो इंजिनावर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला लागला. जोरजोरात, दात आवळून.

"हळू," थोरला म्हणाला, "ओरखडे पडतील."

"माहितीये मला," धाकटा म्हणाला. आणि थोडा वेळ गेल्यावर त्यानं हात हलका केला.